नवीची कळ

टेलिफोन खोलीत त्यांना सगळे आत्याबाई म्हणत. सख्खा भाचा एकही नाही, भाचीही नाही. पण त्या खोलीत कोणी खुर्ची सरकवली, कोणी खिडकी उघडली, कोणी फोनवर गरजेपेक्षा दोन वाक्यं जास्त बोललं, की आत्याबाईंचं त्यावर काहीतरी म्हणणं असे. तेव्हा नाव पडलं ते अगदी शोभून दिसलं.

खोली रक्तपेढीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. तीन टेबलं, तीन फोन, तीन कॉम्प्युटर आणि तिघंही फोनवाले आंधळे. इस्पितळातून फोन यायचा, अमुक गटाच्या इतक्या पिशव्या आहेत का, आणि यांनी कॉम्प्युटरवरची यादी कानाने वाचून सांगायचं, आहेत किंवा नाहीत. यादी वाचून दाखवायला स्क्रीन रीडर होता, म्हणजे पडद्यावर जे येईल ते बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. त्याला खोलीत पोपट म्हणत. होताही तो पोपटच. समोर आलेलं घडाघडा म्हणायचा, त्यातलं काडीचं त्याला समजायचं नाही. रक्तपेढीची यादी ज्यांनी बनवली त्यांनी ती डोळसांसाठी बनवली होती, त्यामुळे पोपट बापडा "बटण, बटण, लेबल नसलेलं बटण, रकाना सात" असं बडबडत बसे आणि पलीकडे इस्पितळातला माणूस ताटकळत असे.

अकरा वर्षांपूर्वी आत्याबाईंनी पोपटाची शिकवणी घेतली. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. अमुक कळ दाबली की तमुक रकान्यातलं तेवढंच बोल, बाकीचं गिळ, अशी लिहून दिलेली तंबी. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. परक्या भाषेतली ध्वनिमुद्रणं ऐकून, पुन्हा पुन्हा मागे नेऊन, दहा महिने डोकं फोडून त्या शिकल्या. मग एक कळ दाबली की रक्ताचा गट, दुसरी दाबली की पिशव्या किती, तिसरीला मुदत, चौथीला पुढची ओळ, पाचवीला परत वर. ज्या दिवशी ते पहिल्यांदा चाललं त्या दिवशी त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना कॉफी पाजली होती आणि स्वतःचा कप प्यायला विसरल्या होत्या.

तेव्हापासून खोलीत नवा माणूस आला की त्याला आधी आत्याबाईंच्या कळा शिकाव्या लागत. त्या शिकवत छान, पण उपकार केल्यासारखं शिकवत. आपल्याला कोणी गुरू मानावं एवढी एकच हौस त्यांना होती, आणि ती अकरा वर्षं बिनबोभाट पुरी होत आली होती.

मग आठ महिन्यांपूर्वी नवी आली.

नवी म्हणजे चौतिशीची बाई, बोलायला मऊ, चालायला चपळ. रुजू होऊन आठ महिने झाले तरी तिचं नवी हेच नाव राहिलं होतं. ती विसाव्या वर्षापर्यंत डोळस होती, मग कसल्याशा आजाराने नजर गेली. आत्याबाई जन्मतःच आंधळ्या. त्यांना रंगांचं आयुष्यात कधी काही वाटलं नव्हतं. लोक निळं म्हणत, हिरवं म्हणत, म्हणोत बापडे. पण नवीला निळा रंग कसा असतो ते माहीत आहे असं कळल्यावर त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपल्याकडून काहीतरी लपवून ठेवलं गेलंय.

तरी ते चाललं असतं. पण तिसऱ्या महिन्यात नवीने विचारलं, "ताई, तुमच्या पाच कळांची मी एक केली तर चालेल? नुसतं बघते होतंय का."

"बघ की," आत्याबाई म्हणाल्या. त्यांना खात्री होती की होणार नाही.

ते झालं. पंधरा दिवसांत झालं. गट टाइप करायचा, एक कळ दाबायची, आणि पोपट म्हणणार, "बी पॉझिटिव्ह, सहा पिशव्या, सर्वांत जवळची मुदत बारा तारीख." संपलं. आत्याबाईंच्या पाच कळांना अठरा सेकंद लागत, नवीच्या एका कळीला चार. हे मोजलं तिसऱ्या टेबलावरच्या रेडिओने. रेडिओ म्हणजे बोलायला लागला की बंद न होणारा, पन्नाशीचा, दिलाने चांगला माणूस. आत्याबाईंचा सगळ्यात जुना शिष्य.

"आत्याबाई, चार सेकंद! अहो, पलीकडचा माणूस 'हॅलो' म्हणेपर्यंत माझं उत्तर तयार!"

"कान तयार आहेत का तेवढे? घाईत चुकीचं ऐकशील एक दिवस."

"छे हो, सुरेख बोलतो पोपट. नवीने त्याला माणसात आणलंय."

म्हणजे अकरा वर्षं तो काय गोठ्यात होता? आत्याबाई बोलल्या नाहीत, पण त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. लोक म्हणतात एखादी गोष्ट डोळ्यांत खुपते. आत्याबाईंच्या ती कानात खुपली. दिवसभर पलीकडच्या दोन्ही टेबलांवरून ती एकच कळ वाजायची, टक्, आणि लगेच उत्तर. त्यांच्या टेबलावर टक्, टक्, टक्, टक्, टक्. एका जागी बसून त्यांना आपलं म्हातारपण ऐकू यायचं. नवीची कळ वापरून पाहावी असं एकदाही त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. त्या दिवशी खोलीत कोणी नव्हतं, त्यांनी ती दाबली, ऐकली, आणि छातीत अशी कळ आली की हात मागे घेतला. चांगली होती. हेच तर दुखणं होतं.

एका बुधवारी रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी आत्याबाईंना आपल्या खोलीत बोलावलं.

"आत्याबाई, नवीची कळ आपल्या नऊही रक्तपेढ्यांना द्यायचं ठरलंय. सोमवारी अकरा वाजता सगळ्या केंद्रांना फोनवर घेऊन सांगते. आणि यापुढे कळांचंच काम बघायला एक माणूस लागणार. त्याचे फोन सुटतील, स्वतंत्र टेबल मिळेल."

"कोण माणूस?" आत्याबाईंनी विचारलं. आवाज साधा ठेवायला त्यांना बरेच कष्ट पडले.

"तुमच्या दोघींपैकीच कोणीतरी. पण आता कळ तिची आहे, तेव्हा..." डॉक्टरबाईंनी वाक्य तिथेच सोडलं. "त्याआधी तुम्ही तिची स्क्रिप्ट ओळ न् ओळ तपासून द्या. खोलीत सगळ्यात अनुभवी तुम्ही. तुमची सही असल्याशिवाय मी ती पुढे पाठवणार नाही."

म्हणजे सवतीच्या लग्नाला मांडव आपणच घालायचा, असा प्रकार. आत्याबाईंना निवृत्त व्हायला सात वर्षं होती. ते टेबल मिळालं तर त्या कळांच्या बाई म्हणून घरी जाणार होत्या. नाही मिळालं तर फोनवाली म्हणून, आणि त्यांच्या कळा पुसल्या जाणार त्या वेगळ्याच. पण त्याच वेळी त्यांना हेही लख्ख कळलं की स्क्रिप्ट आपल्या हातात आली आहे. त्यात एक चूक, फक्त एक, सणसणीत चूक निघाली की चित्र पालटेल.

"देते की तपासून," त्या म्हणाल्या. "अगदी बारकाईने."

बुधवारी आणि गुरुवारी संध्याकाळी त्या घरी लॅपटॉप घेऊन बसल्या. नवरा शिंपी होता. पुढच्या खोलीतच त्याचं मशीन, कपड्यांचे ढीग, लोकांच्या उसवलेल्या शिवणी आणि घट्ट झालेल्या कमरा. इकडे मशीन खडखडत होतं, तिकडे पोपट नवीची स्क्रिप्ट वाचत होता. कंस उघडा, कंस बंद, उद्गारचिन्ह, नवी ओळ.

"सापडलं का काही?" नवऱ्याने विचारलं.

"कसलं काय. इतकी स्वच्छ लिहिलीय मेलीने, की संशय येतो."

"स्वच्छ असण्याचा संशय?"

"अहो, दर चार ओळींवर समजावून सांगितलंय, इथे काय होतं, का होतं. जसं काही वाचणारा बिनडोक आहे."

"तुझ्या स्क्रिप्टमध्ये आहे का तसं समजावलेलं?"

"माझी माझ्या डोक्यात आहे."

नवऱ्याने दातांनी दोरा तोडला. "त्या समोरच्या गल्लीत दुसरा शिंपी आला होता, आठवतं? काचा मोठ्या मोठ्या, दिवे, आरसे. मी महिनाभर जेवलो नव्हतो."

"जेवत होतात. दुप्पट."

"तेच सांगतोय. जळायला लागलं की माणसाला भूकसुद्धा नीट लागत नाही, भलतीच लागते."

"मी जळत नाहीये."

"बरं, नाहीस," नवरा म्हणाला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. या माणसाशी भांडण उभं करणं फार अवघड, कारण तो लगेच मान्य करून टाकी.

स्क्रिप्टच्या मध्यावर एक ओळ आली, तिथे आत्याबाई थबकल्या. नवीने टिपण लिहिलं होतं: 'गट ओळखायला ताईंची फाइल वापरली आहे.' आणि खाली त्यांची जुनी फाइल जशीच्या तशी बोलावली होती. म्हणजे दिवे आपले लावायचे आणि तेल दुसऱ्याचं. वर टिपणात नाव घालून मोठेपणाही घ्यायचा. त्यांनी रागाने कळ दाबून पुढची ओळ घेतली. स्वतःची फाइल त्या काय तपासणार? ती अकरा वर्षं चालत होती.

शेवटपर्यंत गेल्या, पुन्हा पहिल्यापासून आल्या. चूक नाही. झोपताना त्यांच्या मनात आलं की उद्या एखादी चूक आपणच घालून ठेवली तर? लगेच लाज वाटली, आणि लाज वाटली याचाही राग आला.

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास त्यांनी शेवटचा उपाय केला. यादी खरी की खोटी हे पडद्यावरून नाही, फ्रीजवरून ठरवायचं. खालच्या मजल्यावर पिशव्यांचे फ्रीज सांभाळणारा एक डोळस माणूस होता. त्याला त्यांनी आतल्या फोनवर धरलं. नवी तेव्हा डॉक्टरबाईंकडे गेली होती, रेडिओ कोणाशी तरी बोलत होता. आत्याबाईंनी एका कानाला फ्रीजवाला लावला आणि दुसऱ्या कानाला नवीची कळ.

"वाचा हो पिशव्यांवरची लेबलं. सावकाश."

"ए पॉझिटिव्ह, नऊ."

टक्. "ए पॉझिटिव्ह, नऊ पिशव्या."

"ए निगेटिव्ह, एक."

टक्. बरोबर. बी बरोबर. एबी बरोबर. आत्याबाईंची आशा मावळत चालली.

"ओ पॉझिटिव्ह, अकरा. ओ निगेटिव्ह, दोन."

टक्. "ओ पॉझिटिव्ह, तेरा पिशव्या. ओ निगेटिव्ह, शून्य."

आत्याबाईंनी पुन्हा दाबली. तेरा. शून्य.

"अहो, नीट बघा. ओ निगेटिव्ह दोन आहेत? नक्की?"

"हातात घेऊन बोलतोय बाई. परवाच्या शिबिरातल्या आहेत. बरं झालं विचारलंत. या शिबिरांच्या निगेटिव्ह पिशव्यांना गिऱ्हाईकच मिळत नाही कधी. मागे तर दोन-चार मुदत संपून फेकाव्या लागल्या."

हे शेवटचं आत्याबाईंनी ऐकलंच नाही. त्यांच्या कानात एकच शब्द घुमत होता: सापडली! नवीची ती शहाणी, चार सेकंदांची, माणसात आणलेली कळ निगेटिव्हला पॉझिटिव्ह म्हणते! इतकी मोठी चूक त्यांनी देवाकडेही मागितली नसती. फ्रीजवाल्याचे आभारही न मानता त्यांनी फोन ठेवला, आनंदाच्या भरात, हे सांगायला नको.

आता हे कोणाला सांगायचं, कधी सांगायचं? डॉक्टरबाई वीस पावलांवर बसल्या होत्या. पण तिथे जाऊन सांगितलं तर काय होईल? नवी म्हणेल, थँक यू ताई. अर्ध्या तासात दुरुस्त करील. सोमवारी नऊ केंद्रांपुढे तिचीच कळ आणि तिचंच टेबल. छे. सोमवारी अकरा वाजता, सगळे ऐकत असताना, सही मागतील तेव्हा शांतपणे म्हणायचं, सही करायला हरकत नाही, फक्त ओ निगेटिव्ह विचारून बघा. वाक्य त्यांनी तीन-चार वेळा मनात घोळवलं. 'फक्त' या शब्दावर किती जोर द्यायचा तेही ठरवलं.

शनिवार, रविवार मध्ये होते. त्या दोन दिवसांत फोन येणार होते आणि ते नवीच्या कळीने घेतले जाणार होते. हे आत्याबाईंच्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं. ओ निगेटिव्ह मागणारा रोज थोडाच येतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

त्याच दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी तो आला. फोन रेडिओच्या टेबलावर वाजला.

"हं, बोला. ओ निगेटिव्ह, दोन? कोणासाठी? ... बाळंतीण आहे का. थांबा, एक क्षण." टक्. "नाही हो, निगेटिव्ह नाहीये. ओ पॉझिटिव्ह तेरा आहेत, पण ते तुम्हाला... हो, हो, कळतं मला. दुसरीकडे बघा लवकर. सॉरी हं."

आणि रेडिओने फोन ठेवला.

आत्याबाई बसून होत्या. त्यांच्या जिभेवर शब्द आला होता, तो रेडिओ बोलत असतानाच आला होता, आणि त्यांनी तो गिळला. हे लिहायला जड जातं, पण घडलं ते असं. फोन ठेवल्यानंतरही त्या गप्प होत्या. सोमवारचं ते वाक्य, तो 'फक्त', हाताशी आलेलं टेबल, सगळं त्यांच्या मुठीत होतं आणि मूठ उघडवत नव्हती. रेडिओ स्वतःशीच म्हणाला, "च्च. बिचारी," आणि त्याने पाण्याची बाटली उघडली. झाकण फिरल्याचा आवाज आला. घोट घेतल्याचा आला. दुसरा घोट घेतल्याचा आला.

"लाव परत," आत्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"फोन लाव परत! दोन पिशव्या आहेत. खाली फ्रीजमध्ये आहेत. अरे, लाव ना लवकर!"

रेडिओला त्यांचा असा आवाज माहीत नव्हता. त्याने बाटली कुठेतरी आपटली आणि आलेला नंबर परत लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. ते लोक दुसऱ्या रक्तपेढ्यांना फोन करत होते, आणखी कोणाला करणार! आत्याबाई उठून त्याच्या टेबलापाशी आल्या होत्या, खुर्चीला अडखळून आल्या होत्या. चौथ्यांदा तो लागला.

"अहो, ठेवू नका! ओ निगेटिव्ह आहे. दोन आहेत. पाठवा माणूस. हो, आत्ता, लगेच!"

पिशव्या गेल्या. तासाभराने त्या इस्पितळाच्या नर्सचा फोन आला की पोचल्या, लावल्या, बाई सावरतेय. पण ते नंतर. आधी खोलीत डॉक्टरबाई आल्या, नवी आली, खालून फ्रीजवाला आला, आणि सगळ्यांनी एकदम विचारलं की झालं काय.

"नवीच्या कळीत चूक आहे," आत्याबाई म्हणाल्या. धाप लागली होती तरी म्हणाल्या. सोमवारचं वाक्य हुकलं होतं, पण श्रोते काही अगदीच कमी नव्हते. "निगेटिव्हला पॉझिटिव्ह वाचते ती. मी आज दुपारी पकडलं."

"दुपारी?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे किती वाजता?"

आत्याबाईंची या प्रश्नाची तयारी नव्हती. "झाले दोन-अडीच तास."

 रेडिओने आपटलेली बाटली चाचपून उचलली आणि तिला झाकण लावलं.

नवी तेवढ्यात आपल्या टेबलावर बसली होती. तिचे कान पोपटाकडे होते. ती अक्षर अक्षर वाचून घेत होती. मग म्हणाली, "रेघ वेगळी आहे."

"कसली रेघ?"

"निगेटिव्हची. ओच्या पुढे आडवी रेघ असते ना, ती. पोपट तसा कुठलीच रेघ उच्चारत नाही. म्हणून फाइलमध्ये लिहिलंय, पुढे छोटी रेघ असेल तर निगेटिव्ह म्हण, नाहीतर पॉझिटिव्ह म्हण. पण ही लांब रेघ आहे. शिबिराची यादी पत्रं लिहायच्या प्रोग्रॅममध्ये करून इथे चिकटवली असणार, तो प्रोग्रॅम छोटी रेघ आपोआप लांब करतो. डोळसांना दोन्ही सारख्याच दिसतात, मलाही दिसायच्या. पोपटाला त्या वेगवेगळ्या. लांब रेघ फाइलमध्ये नाही, म्हणून तो 'नाहीतर' मध्ये गेला."

 'नाहीतर पॉझिटिव्ह.' हे शब्द आत्याबाईंच्या ओळखीचे होते. तेव्हाचा कारकून पॉझिटिव्हची खूण करायला कंटाळायचा, नुसतंच ओ लिहायचा, म्हणून त्यांनी ते तसं लिहिलं होतं. त्या वेळी त्यांना ती फार हुशारी वाटली होती.

"ताई," नवी हळूच म्हणाली, "तुम्ही जरा तुमच्या कळांनी वाचून बघता?"

तिने हे खवचटपणे म्हटलं असतं तर बरं झालं असतं. आत्याबाई आपल्या टेबलाशी गेल्या. हेडफोन काढलेला होता, त्यामुळे पोपट मोठ्याने बोलणार होता. त्यांनी पहिली कळ दाबली.

"ओ पॉझिटिव्ह," पोपट म्हणाला. दुसरी दाबली. "दोन."

एरवी असं झालं की खोलीत कोणीतरी हमखास म्हणे, झाला का पोपट? आज कोणी म्हटलं नाही.

सोमवारपर्यंत नवीने लांब रेघ घातली, आणखी तीन प्रकारच्या रेघा शोधून घातल्या आणि 'नाहीतर' काढून टाकलं. आत्याबाईंनी तपासून सही केली. नऊ केंद्रं फोनवर आली. डॉक्टरबाईंनी कळ कशी चालते ते सांगितलं, टेबल नवीला मिळाल्याचं सांगितलं, मग नवीला बोलायला दिलं. नवी म्हणाली, "यात एक मोठी चूक होती. ती आमच्या ताईंनी शोधली. फ्रीजवरून यादी तपासायचं कोणालाच सुचलं नव्हतं, त्यांना सुचलं."

नऊ केंद्रांतून टाळ्या आल्या. फोनमधून त्या फुटाणे फुटल्यासारख्या वाजत होत्या. दोन-अडीच तासांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही, जुन्या फाइलबद्दलही नाही. आत्याबाईंना इतका राग क्वचित आला असेल. टेबल घेतलंस, कळ घेतलीस, आता चांगुलपणाही तूच घेणार? माझ्यासाठी काही शिल्लक ठेवशील की नाही?

तेवढ्यात एका लांबच्या केंद्रावरच्या बाईंनी विचारलं, "ही चूक कधीपासून होती?"

नवी बोलायला लागली होती, पण आत्याबाईंनी पुढे वाकून फोन आपल्याकडे ओढला.

"अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "तिची नाही. माझी आहे. ती ओळ मी लिहिली."

 मग त्याच बाईंनी, दुखवायचं म्हणून नव्हे, अगदी साधेपणाने विचारलं, "मग इतक्या वर्षांत किती जणांना नाही म्हटलं गेलं असेल हो?"

डॉक्टरबाई म्हणाल्या की बहुतेकांना दुसऱ्या रक्तपेढीतून मिळालं असणार, शिबिराच्या पिशव्या असतात तरी किती, आणि हे मोजण्याचा आता काही मार्ग नाही. ते सगळं खरं होतं. लोक हो हो म्हणाले आणि बोलणं पुढे सरकलं.

आत्याबाईंना मात्र एक जण आठवला होता. सहा-सात वर्षं झाली असतील. एका दुपारी तीन वेळा फोन केला होता त्याने, मुलीसाठी, ए निगेटिव्ह हवं होतं. पहिल्यांदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बाई, रागावू नका, पण कोणाला तरी फ्रीजपाशी जाऊन बघायला सांगता का?" तेव्हा खोलीत नवीन माणसं शिकायला बसली होती, ती ऐकत होती. आत्याबाईंनी त्याला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, "माझी कळ चुकत नाही."

त्यावर तो माणूस 'बरं' म्हणाला होता, आणि त्याने फोन ठेवला होता.